व्रतस्थांच्या वहीतली खूण

१

रविवारी दुपारी साडेतीनला सेक्टर ६ मधल्या जानरावांच्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटांचं मौन संपलं, ट्यूबलाइट लागली, आणि रक्तपिपासूंच्या धर्माची पोथी स्टुलावरून नाहीशी झालेली दिसली.

जानराव तेव्हा आतल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. कुठे अपघात झाला की जाऊन चौकशी करायची, चार जणांना चार वेळा तेच विचारायचं आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी घरात कप फुटला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आधी कुठं ठेवला होता?"

समोरच्या खोलीत दर रविवारी दोन ते पाच या वेळेत व्हँपायर जमत. खिडक्यांना चादरी लावून अंधार करत. खरं तर हा खेळ रात्री खेळायचा, पण नात प्रेरणाला सकाळी शाळेत शिकवायला जावं लागे, प्रफुलची प्लांटमध्ये शिफ्ट असे, आणि जामुलला परत जाणारी बस बबलूसाठी थांबत नसे. म्हणून भिलाईचे रक्तपिपासू दुपारी बाहेर पडत. जानरावांच्या बायको कांताबाई त्यांच्यासाठी आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, तळत आणि ते बरोबर लसणाची चटणी मागून घेत.

खेळ साधा होता. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि आपलं सोंग काय करतंय ते बोलून सांगायचं. प्रेरणा सूत्रधार. माणसांच्या नकळत शहरात राहणारी रक्तपिपासूंची एक गुप्त सभा, तिचं नाव काळोख पंचायत. पंचायतीला अध्यक्ष होता, सचिव होता, बैठकीचं इतिवृत्त होतं. रक्त तेवढं क्वचित निघायचं. याच पंचायतीत तीन वर्षांपूर्वी सुशील नावाच्या पोराने एक धर्म काढला, व्रतस्थ पंथ. तहान हा शाप नाही, ते व्रत आहे. विचारल्याशिवाय प्यायचं नाही. दुबळ्याच्या दारात जायचं नाही. अशी व्रतं तो एका फुलस्केप रजिस्टरमध्ये लिहीत गेला.

मागच्या ऑक्टोबरात चार दिवसांच्या तापाने सुशील गेला. चोवीस वर्षांचा होता.

आता नाहीसं झालेलं रजिस्टर हेच होतं. येत्या रविवारी सुशीलच्या घरी वर्षाचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध रीतीचा स्मृतिदिन, होतं, आणि त्या दिवशी ते त्याच्या आईच्या, बेबीताईंच्या, हातात देईन असा शब्द प्रेरणाने दिलेला होता.

"आबाजी," प्रेरणा दारात उभी राहून म्हणाली, "उठा. चोरी झाली."

जानरावांनी पेपर तोंडावरून काढला. "आधी कुठं ठेवलं होतं?"

२

जानरावांनी कोणाला घरी जाऊ दिलं नाही. खोलीत चौघं होती. प्रेरणा. दुर्गला वकिलीचं शिकणारी खुशबू, जी खेळात या पंथाची हाडवैरी होती. जामुलला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला बबलू, पंथाचा सगळ्यात कडवा भक्त. आणि प्रफुल, सुशीलचा शाळेपासूनचा दोस्त, प्लांटमध्ये ऑपरेटर, आणि सुशीलनंतर पंथाचा महंत.

मौन म्हणजे काय, ते बबलूने श्रद्धेने समजावून सांगितलं. दिवा मालवायचा, डोळे मिटायचे, आणि पाच मिनिटं स्वतःची नाडी ऐकायची. खुशबू पंथ मानत नव्हती, पण डोळे तिनेही मिटले होते. खेळाचा शिष्टाचार, ती म्हणाली.

समोरच्या दाराची कडी उघडली तर शेजारच्या क्वार्टरला ऐकू जाते. आतल्या दारात कांताबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना ओलांडून कोणी गेलं नव्हतं. पिशव्या तपासून झाल्या. गाद्या उलटल्या. कपाटामागे, दिवाणाखाली, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात पाहून झालं. या निमित्ताने घर झाडून निघालं म्हणून कांताबाई खूश झाल्या, आणि ऑक्टोबर संपत आला तरी याच खोलीच्या खिडकीतला कूलर कोणी काढून झाकला नाही, हे त्यांनी सर्वांसमक्ष जानरावांना ऐकवलं.

रजिस्टर मिळालं नाही.

जाताना खुशबूने सरळच विचारलं, की सगळे तिच्याकडेच का पाहून राहिले. कारण उघड होतं. मागच्या रविवारी तिच्या सोंगाने भर पंचायतीत उभं राहून जाहीर केलं होतं, की व्रतस्थांची पोथी मी जाळीन.

३

सोमवारी संध्याकाळी जानराव स्कूटर काढून दुर्गला गेले. खुशबू कचेरीजवळच्या एका चहाच्या टपरीवर भेटली. ती चिडलेली होती, आणि चिडली की तिची मराठी अर्ध्यात हिंदीकडे वळायची.

तिचं म्हणणं असं, की जाळीन म्हणालं ते सोंग, ती नव्हे. सुशील असतानाही ती त्याच्याशी अशीच भांडायची, आणि त्याला ते फार आवडायचं. विरोधक नसला तर धर्माला जेवण पचत नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या पोथीची तिने कधी इज्जत ठेवली नाही, हे मात्र तिने कबूल केलं.

"कशी ठेवणार, आबाजी? चुकलं की पेन घेऊन घोटत बसायचा. मी म्हणायची, ये व्रत है या मरे हुए मच्छर? एका पानावर सात-सात डाग. पण..."

"पण काय?"

"नंतरची पानं चांगली होती. त्याच्या जाण्यानंतर जी मिळाली ती. उनसे झगडा करने का मन नहीं करता था."

जानरावांनी चहा खाली ठेवला. नंतर मिळालेली पानं कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग त्यांना ती हकीकत कळली. परीक्षेच्या दिवसांत सुशील अभ्यासाला प्रफुलच्या घरी राहायचा. त्याची एक बॅग तिथेच राहून गेली होती. तो गेल्यावर दोन महिन्यांनी त्या बॅगेत एक लिहिलेलं पान निघालं. मग आणखी एक. कधी पुस्तकाच्या कव्हरात, कधी अस्तराच्या फाटक्या जागी. दोन-तीन रविवारांआड एक पान निघत गेलं, आणि प्रेरणा ते रजिस्टरमध्ये चिकटवत गेली. वर्षभरात अठरा पानं झाली.

"बॅग मोठी असंल," जानराव म्हणाले.

"शाळेचीच थी," खुशबू म्हणाली, आणि तिने जानरावांकडे चमकून पाहिलं.

४

बबलूच्या दुकानात शिरताना जानरावांना शटरवर निळ्या रंगात काढलेली एक खूण दिसली. गळाच्या आकड्यासारखी वळलेली रेघ आणि खाली दोन ठिपके. तीच त्याच्या मोबाइलच्या कव्हरवर होती.

बबलूवर संशय घ्यायला जागा होती. पोथी बेबीताईंकडे जाणार हे त्याला पसंत नव्हतं. पोथी पंथाची असते, घरची नसते, असं तो रविवारी दोनदा म्हणाला होता. तेच त्याने तिसऱ्यांदा म्हटलं. पण पोथी त्याने घेतली नव्हती, आणि घ्यायची गरजही नव्हती, कारण नंतर मिळालेल्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच्याकडे होता. त्याने आधी हात पुसले, आणि मगच फोन पुढे केला.

जानरावांनी चष्मा लावला. अक्षर गोल, सुबक. नववं पान असं होतं: *जो उजव्या कुशीवर झोपतो आणि झोपेत हसतो, त्याच्या दारातून व्रतस्थाने उपाशी परतावे.*

"याचा अर्थ काय?"

"गहरा है, आबाजी," बबलू म्हणाला. "मला पण पूर्ण नाही समजला. पण मी तेव्हापासून उजव्या कुशीवरच झोपतो."

डाग एकही नव्हता. जिथे शब्द चुकला होता तिथे त्यावरून एकच सरळ रेघ होती, आणि खालचा शब्द स्वच्छ वाचता येत होता. बाजूच्या समासात ती खूण. आकडा आणि दोन ठिपके.

ही खूण काय आहे, हे जानरावांनी अगदी साधेपणाने विचारलं. बबलूने दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहून आवाज उतरवला. पहिल्या पानांत ती नाही. शेवटी शेवटी सुशीलभाऊ वरच्या अवस्थेला पोचला, तेव्हा जिथे जिथे शब्द आपोआप बदलला, तिथे ती उमटली. हे त्याला कोणी सांगितलं? कोणी नाही. पहिल्यांदा खूण दिसली तेव्हा त्याने प्रफुलला विचारलं होतं, पण प्रफुल काही बोलायच्या आत त्याचं त्यालाच कळलं.

जानराव स्कूटरवर बसले, पण किल्ली फिरवायची बराच वेळ विसरले. अशी एक रेघ आणि अशी समासातली खूण त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिली होती. कुठे, ते त्यांना कळलं होतं. कोणाची, ते अजून सिद्ध व्हायचं होतं.

५

मंगळवारी सकाळी कांताबाईंनी कूलरचा विषय पुन्हा काढला, आणि जानराव निमूटपणे उठले. पाणी सप्टेंबरातच काढून टाकलं होतं. आता गवताच्या जाळ्या झटकायच्या आणि वरून जुनी चादर बांधायची, एवढंच काम.

ते कूलरपुढे वाकले. बाजूच्या पत्र्यावर, खाली, जिथे बसल्याशिवाय नजर जात नाही, तिथे काळ्या मार्करने काही लिहिलं होतं. पंप बदलला, आणि तारीख. तारखेत १४ वर एक सरळ रेघ, शेजारी १५. आणि त्याच्या बाजूला तोच वळलेला आकडा, खाली दोन ठिपके.

जानराव जमिनीवरच बसले. व्रतस्थांच्या प्रेषिताने वरच्या अवस्थेतून खाली येऊन त्यांच्या कूलरचा पंप बदलला होता.

मे महिन्यात तो पंप बदलला होता प्रफुलने. बाजूच्या जाळीची खिट्टी तुटकी आहे आणि जाळी आवाज न करता वर सरकते, हे तेव्हा त्यालाच कळलं असणार. जानरावांनी जाळी वर सरकवली. हात आत घातला. बोटांना जाड पुठ्ठा लागला.

त्यांनी जाळी परत होती तशी लावली आणि कांताबाईंना सांगितलं, की हे एकट्याचं काम नाही, प्रफुलला बोलावतो.

६

प्रफुल बुधवारी पहिल्या शिफ्टवरून परस्पर आला. सायकल कुंपणाला लावली, जयभीम केला, पाणी प्यायला. कूलर म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला होता, पण यायचं त्याने टाळलं नाही, हे जानरावांनी मनात टिपून ठेवलं.

"बस," ते म्हणाले. "काम नंतर. आधी मी काय पाहिलं ते सांगतो. चुकलो तं टोक."

आणि त्यांनी अहवाल वाचावा तसं सांगितलं. अपघाताच्या चौकशीत पहिला प्रश्न एकच असतो: काल आणि आज यात फरक काय पडला? ते रजिस्टर वर्षभर स्टुलावर उघडं पडलेलं होतं. चोरणाऱ्याला बावन्न रविवार मिळाले होते. फरक फक्त हा पडला, की ते बेबीताईंच्या हातात जाणार असं ठरलं. म्हणजे चोराला ते हवं होतं असं नाही. बेबीताईंनी ते वाचू नये, एवढंच त्याला हवं होतं.

मग त्यात असं काय आहे, जे चौघांना चालतं आणि आईला चालणार नाही? सुशील चुकला की डाग पाडायचा. जो माणूस जन्मभर घोटून खोडतो, तो एकाएकी सरळ रेघ मारायला लागत नाही. सरळ रेघ शिकवावी लागते. ती प्लांटच्या लॉगबुकात शिकवतात, पहिल्याच आठवड्यात. खोडरबर नाही, डाग नाही, पान फाडलं तर चार्जशीट. चुकलं तर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि समासात छोटी सही, म्हणजे चूक कोणाची आणि दुरुस्ती कोणाची हे उद्या कळावं.

"सुशीलनं कधी लॉगबुक पाहिलं नाही. खुशबू, प्रेरणा, बबलू, कोनीच नाही. तूच एकटा," जानराव म्हणाले. "अन् सही तं तू माह्या कूलरवर करून ठेवली."

प्रफुल पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

"पहिलं पान खरंच सापडलं होतं, आबाजी," तो शेवटी म्हणाला. "अर्धं. मी ते पुरं केलं."

त्या दिवसाचं त्याने सांगितलं ते असं. सुशील गेल्यावर दोन महिने कोणी खेळू शकत नव्हतं. जमायचे आणि उठून जायचे. प्रेरणा बंद करायचं म्हणत होती. त्याने ते अर्धं पान घरी बसून पूर्ण केलं. आठवीपासून दोघं एकमेकांच्या वह्या पूर्ण करत, मास्तरांनाही कधी ओळखता आलं नाही. एक शब्द चुकला, सवयीने हात चालला, रेघ मारली, सही झाली. ध्यानातही आलं नाही. रविवारी ते पान वाचलं, आणि खुशबू सुशीलच्या नावाने भांडायला उठली. बबलू तिच्यावर ओरडला. मग सगळे हसले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

"मंग दर रविवारी सगळे माह्याकडे पाहत. आज काही सापडलं का? अन् लिहायला बसलो ना, का तो गेला असं वाटतच नव्हतं. बबलूनं त्या सहीचा देव केला, मंग तं थांबताही येईना. प्रत्येक पानावर मुद्दाम चुकावं लागे."

जानरावांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. त्यांच्या बापाने छप्पन साली घरातले देव नदीत सोडले होते, तेव्हापासून या घरात पोथी आली नव्हती, आणि आली ती कूलरमधून. जगातल्या मोठ्या धर्मांविषयी या क्षणी काही विचार करू नये, असं त्यांनी ठरवलं, आणि मग बराच वेळ तोच विचार करत बसले. गुरू गेल्यावर ज्याला त्याच्याशिवाय राहवलं नाही, त्यानेच पुढची पानं लिहिली असतील. त्याला लबाड म्हणावं का, ते त्यांच्या चौकशीच्या फॉर्मात कुठे बसत नव्हतं.

"अन् आता?"

"आता माय वाचंल," प्रफुल म्हणाला. "पोराचं म्हणून हात फिरवंल त्याच्यावरून. मी कसं पाहू? म्हटलं, मधली पानं काढून टाकतो अन् मंग ठेवतो परत. पण तुमी घरीच असता."

"पानं फाडणार होता?"

जानरावांनी उठून जाळी सरकवली, रजिस्टर काढलं, शर्टाने पुसलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पान फाडाचं नाही," ते म्हणाले. "बाकी काय कराचं ते तुले माहीत आहे. मी सांगून तू करशील, तं ते माह्यं झालं."

७

रविवारी सुशीलच्या घरी वंदना झाली, भंतेजींचं भोजन झालं, माणसं पांगली. मागे ही चौघं, जानराव आणि बेबीताई राहिली. प्रफुलने रजिस्टर पुढे केलं, आणि ते उघडायच्या आत सगळं सांगून टाकलं, सर्वांसमोर. जिथून चिकटवलेली पानं सुरू होतात, तिथे त्याने एक कोरं पान लावलं होतं आणि लिहिलं होतं: *इथून पुढचं, पहिलं अर्धं पान सोडून, प्रफुलनं लिहिलं.* खाली पूर्ण सही, तारखेसह.

बबलूने आपल्या मोबाइलच्या कव्हराकडे पाहिलं आणि खूण खाली जाईल असा तो ठेवून दिला. प्रेरणा रडत होती. खुशबू, जिला हे सोमवारीच कळल्यासारखं होतं, तिने आपला रुमाल प्रेरणापुढे केला.

बेबीताई पहिली पानं हळूहळू पाहत गेल्या. डागांवरून बोट फिरवत गेल्या. मग ते कोरं पान आलं. ते वाचून त्या थांबल्या, आणि प्रफुलला वाटलं की आता रजिस्टर मिटणार. त्यांनी पान उलटलं. नवव्या पानाशी आल्या, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तू लिहिलं?"

"हो, माय."

"सुशील लिहूच शकत नव्हता हे," त्या म्हणाल्या. "त्याले कोनी सांगतलंच नव्हतं का तो झोपेत हसते म्हणून. लाजला असता. मलेच माहीत होतं." त्यांनी प्रफुलकडे पाहिलं. "अन् तुले."

बाहेरून एक स्कूटर गेली.

"पण चुकलं एक," बेबीताई म्हणाल्या. "उजव्या नाही. डाव्या कुशीवर झोपे तो."

"माह्याकडं उजव्या कुशीवर झोपे," प्रफुल हळूच म्हणाला. "भिंत तिकडं होती."

"असंल. तुयाकडं परीक्षेपुरता होता. माह्याकडं चोवीस वर्षं."

त्यांनी हात पुढे केला. जानरावांनी खिशातलं पेन काढून दिलं. बेबीताई 'उजव्या' हा शब्द घोटून खोडायला गेल्या, अगदी पोराच्या सवयीने, तशी जानरावांनी बोट ठेवून त्यांना थांबवलं.

"एकच रेघ, बेबीताई. खालचं वाचता आलं पाह्यजे. तेही खोटं नाही."

त्यांनी एक रेघ मारली, वर 'डाव्या' लिहिलं.

"आता इथं समासात सही करा."

बेबीताईंना छोटी सही येत नव्हती. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश, समासात मावेना तेव्हा खाली वळवून. बबलूने मान पुढे काढून ती सही बराच वेळ निरखली, पण तिचा अर्थ काय, हे त्याने या वेळी कोणाला विचारलं नाही.